रोगांच्या साथी व सूक्ष्मजंतुविज्ञानाचा उदय

सूक्ष्मजंतूंची रचना, वाढ, वर्गीकरण आणि त्यांचा रोगांशी असलेला संबंध यांचा अभ्यास करणारे सूक्ष्मजंतुविज्ञान हे स्वतंत्र शास्त्र म्हणून साधारणतः १८७६ ते १९०० या पाव शतकात उभे राहिले. सूक्ष्मदर्शक त्यापूर्वी दोनशे वर्षे वापरात होता आणि आंतोनी व्हान लेव्हेनहूक या डच निरीक्षकांनी १६७६ मध्येच सूक्ष्मजंतू पाहून त्यांचे वर्णन केले होते. तेव्हा केवळ उपकरणाच्या अभावी हे शास्त्र अडून राहिले होते, असे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात वेगाने वाढणारी शहरे, आगगाडी व आगबोटी यांमुळे पसरलेल्या साथी, विशेषतः पटकी व प्लेग या रोगांच्या साथी, हे या शास्त्राच्या उदयामागील एक प्रमुख कारण होय. साथींमुळे संशोधनाला निकड आली व सरकारी पैसा मिळाला, हे सर्वमान्य आहे. परंतु त्यांचे कार्य एवढ्यावर संपत नाही. प्रयोगशाळेतील पुरावा जेथे अपुरा पडला तेथे साथीचा क्रम हाच प्रयोग ठरला आणि जेथे साथीच्या घाईत प्रयोगशाळेने निष्कर्ष काढले तेथे काही वेळा शास्त्राची दिशाभूलही झाली.

पूर्वपीठिका : रोग एकापासून दुसऱ्यास जडतो ही कल्पना जुनी आहे. जीरोलामो फ्राकास्तोरो या इटालियन वैद्यांनी १५४६ मध्ये रोगबीजांची कल्पना मांडली होती. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपातील बहुसंख्य वैद्यांचा विश्वास दूषित हवेच्या उपपत्तीवर होता. कुजणारे पदार्थ, दलदल व घाण यांतून निघणारी विषारी वाफ रोग उत्पन्न करते, असे ही उपपत्ती सांगे. ती चुकीची असली, तरी तिला हसण्याचे कारण नाही. गटारे बांधणे, उकिरडे हलविणे व वस्त्या मोकळ्या करणे ही कामे तिच्याच आधारे झाली आणि त्यांचा लाभही झाला.

या उपपत्तीला पहिले तडे मनुष्याच्या नव्हे, तर रेशमाच्या किड्यांच्या साथींमुळे गेले. किड्यांच्या एका रोगाचे कारण कवक (बुरशीसारखा हरितद्रव्यरहित सजीव) आहे, हे आगोस्तीनो बास्सी यांनी १८३५ मध्ये इटलीत दाखविले. बास्सी यांच्या कामाचा आधार घेऊन याकोप हेन्ले या जर्मन शारीरविज्ञांनी १८४० मध्ये असा युक्तिवाद केला की, सांसर्गिक रोगांची कारणे सजीव असली पाहिजेत व ती अलग काढून तपासल्याखेरीज सिद्ध झाली असे मानता येणार नाही. पुढे दक्षिण फ्रान्समधील रेशीम उद्योग किड्यांच्या दुसऱ्या एका साथीने बुडू लागला, तेव्हा सरकारने ते काम लूई पाश्चर यांच्याकडे सोपविले. १८६५ पासून पाच वर्षे आलेस येथे राहून त्यांनी रोगट पतंगांची अंडी सूक्ष्मदर्शकाने ओळखून वेगळी काढण्याची पद्धत बसविली. रसायनशास्त्रज्ञ असलेले पाश्चर रोगांच्या अभ्यासाकडे वळले, ते या साथीमुळे.

पटकीची साथ व पाण्याचा संशय : बंगालमध्ये दीर्घकाळ असलेली पटकी १८१७ नंतर तेथून बाहेर पसरली व १८३१–३२ मध्ये तिने यूरोप गाठला. काही तासांत धडधाकट माणसाचा अंत करणाऱ्या या रोगाने जी दहशत निर्माण केली, ती त्या काळी तिच्याहून कितीतरी अधिक बळी घेणाऱ्या क्षयरोगानेही केली नव्हती. १८५१ मध्ये पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती मुख्यतः या रोगामुळे. रोग सांसर्गिक मानला, तर जहाजे अडवून ठेवणे आवश्यक ठरे व व्यापाराचे नुकसान होई. म्हणून पटकीच्या कारणाचा प्रश्न आरंभापासून राजकारणाचाही प्रश्न होता.

लंडनमधील जॉन स्नो या वैद्यांनी पटकी पाण्यावाटे पसरते, असे १८४९ मध्ये प्रतिपादन केले. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास अकस्मात साथ उद्‌भवली. स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आहेत, हे दाखविले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. स्नो यांनी स्वतः ती नमूद केली आहे. त्यांचा खरा बळकट पुरावा दुसराच होता : दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावरील शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्या पाणी पुरवीत आणि मैलामिश्रित भागातून टेम्सचे पाणी उचलणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांत मृत्यूंचे प्रमाण अनेक पटींनी जास्त होते. मात्र पाण्यात नेमके काय होते, हे स्नो यांना दाखविता आले नाही.

त्याच वर्षी फ्लॉरेन्स येथे फीलीप्पो पाचीनी यांनी पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत असंख्य वक्राकार सूक्ष्मजंतू पाहिले व तेच रोगाचे कारण असल्याचे लिहिले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. लंडनमध्ये साथीचा मार्ग माहीत होता, पण जंतू नव्हता. फ्लॉरेन्समध्ये जंतू दिसला होता, पण तो रोगाचे कारण आहे की परिणाम, हे ठरविण्याचे साधन नव्हते. हे साधन उपलब्ध होण्यास आणखी तीस वर्षे लागली. या जंतूच्या शास्त्रीय नावाबरोबर आता पाचीनी यांचे नाव व १८५४ हे वर्ष जोडले जाते; त्याला अधिकृत मान्यता १९६५ मध्ये मिळाली.

पद्धतींचा विकास : हे साधन गुरांच्या साथीतून मिळाले. संसर्गजन्य काळपुळी हा मेंढ्या व गुरे यांचा रोग यूरोपातील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान करीत असे. रोगी जनावराच्या रक्तातील दंडाकार सूक्ष्मजंतू अनेकांनी पाहिले होते; परंतु ज्या कुरणात वर्षानुवर्षे जनावर फिरकले नाही, तेथेही रोग पुन्हा कसा उद्‌भवतो, याचा उलगडा होत नव्हता. वल्‌श्टाइन या लहान गावी सरकारी वैद्य असलेल्या रॉबर्ट कॉख यांनी घरातील एका खोलीत काम करून १८७६ मध्ये हे सूक्ष्मजंतू प्रतिकूल स्थितीत बीजाणू (टिकाऊ आवरणाची सुप्तावस्था) बनवितात व ते मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात, हे दाखविले. कॉख हे गटिंगेन येथे हेन्ले यांचे विद्यार्थी होते. त्यांचे प्रयोग ब्रेस्लौ येथील वनस्पतिवैज्ञानिक फेर्डिनांट कोन यांनी पाहून तत्काळ प्रसिद्ध केले.

पुढील काही वर्षांत सूक्ष्मजंतूंना रंग देणे, त्यांची छायाचित्रे घेणे व घट्ट माध्यमावर त्यांची शुद्ध संवर्धने (एकाच प्रकारच्या जंतूंची वाढ) मिळविणे या पद्धती कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केल्या. जिलेटीन उन्हाळ्यात वितळे. त्याऐवजी मुरंब्यासाठी वापरले जाणारे आगर घ्यावे, ही सूचना एका सहकाऱ्याच्या पत्नी फानी हेसे यांची होती. शास्त्राच्या इतिहासात स्वयंपाकघराचे हे ऋण क्वचितच नोंदले जाते. कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. जंतू प्रत्येक रोग्यात आढळला पाहिजे, त्याचे शुद्ध संवर्धन करता आले पाहिजे आणि ते टोचल्यावर प्राण्यात तोच रोग उद्‌भवला पाहिजे, या तीन कसोट्या त्यांचे सहकारी फ्रीड्रिख लफ्लर यांनी १८८३ मध्ये घटसर्पावरील निबंधात स्पष्ट शब्दांत मांडल्या. यांतील तिसरी कसोटी लवकरच अडचणीची ठरणार होती.

ईजिप्त व कलकत्ता : १८८३ च्या जूनमध्ये ईजिप्तमधील दमिएत्ता येथे पटकी उद्‌भवली. सुएझ कालवा १८६९ पासून खुला असल्याने ती भूमध्य समुद्राच्या बंदरांत शिरण्याचा धोका होता. फ्रान्सने पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतील एमील रू, एद्‌मों नोकार, इझिदोर स्त्राउस व लूई त्युइलिए यांना, तर जर्मनीने कॉख, गेओर्क गाफ्की व बेर्नहार्ट फिशर यांना अलेक्झांड्रियास धाडले. दोन्ही पथके पोहोचली, तोच साथ ओसरू लागली. साथीवर अवलंबून असलेल्या संशोधनाची ही नेहमीची अडचण आहे. साहित्य हाती येते ते थोड्या दिवसांसाठी, व तेही सर्वांत कठीण परिस्थितीत. फ्रेंच पथकाचा भर प्राण्यांत रोग निर्माण करण्यावर होता व त्यात त्यांना यश आले नाही. सप्टेंबरमध्ये त्युइलिए स्वतः पटकीने मरण पावले. ते तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. दोन्ही राष्ट्रांत वैर असतानाही कॉख व त्यांचे सहकारी त्यांच्या अंत्ययात्रेस उपस्थित राहिले.

कॉख यांना मृतांच्या आतड्यांच्या श्लेष्मकलेत (अस्तरात) एक विशिष्ट जंतू आढळला होता. परंतु एवढ्यावर निष्कर्ष काढण्यास ते तयार नव्हते. रोग जेथे कायम असतो, तेथे जाण्याची त्यांनी परवानगी मागितली व ११ डिसेंबर १८८३ रोजी पथक कलकत्त्यास पोहोचले. तेथे जानेवारी १८८४ मध्ये त्यांना शुद्ध संवर्धन मिळाले. हा जंतू सरळ दांड्यासारखा नसून स्वल्पविरामासारखा वाकलेला, चपळ हालचाल करणारा, ओलसर वस्तूंवर वेगाने वाढणारा व वाळविल्यास लवकर मरणारा होता. पटकीच्या रोग्यांत तो सातत्याने आढळे, इतर रोगांनी मेलेल्यांत आढळत नसे.

तिसरी कसोटी मात्र पुरी होईना. उंदीर, माकडे, कुत्री, कोंबड्या यांपैकी कोणत्याही प्राण्यात पटकी उत्पन्न करता आली नाही. ही उणीव भरून काढली, ती एका तळ्याने. कलकत्त्याच्या उपनगरातील साहेबबागान या वस्तीत एकाच तळ्याचे पाणी पिण्यासाठी, धुण्यासाठी व स्नानासाठी वापरले जाई. तेथे पटकीची लहानशी साथ आली असता कॉख यांना तळ्याच्या पाण्यात तोच जंतू सापडला. पहिल्या रोग्याचे मळलेले कपडे त्या तळ्यात धुतले गेले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले; साथ ओसरत गेली, तसे पाण्यातील जंतूही कमी होत गेले. नकाशावरून स्नो यांनी जो तर्क केला होता, त्याला आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा आधार मिळाला. मे १८८४ मध्ये कॉख बर्लिनला परतले, तेव्हा त्यांचे स्वागत विजयी सेनापतीसारखे झाले व शासनाने त्यांना एक लाख मार्क बक्षीस दिले.

वाद : ब्रिटिश सरकारने हा निष्कर्ष स्वीकारला नाही. सुएझ कालव्यातून जाणारी बहुसंख्य जहाजे ब्रिटिश होती व हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध येणे त्यास परवडणारे नव्हते. १८८४ मध्ये इमॅन्युएल क्लाइन व हेनेज गिब्ज यांना कलकत्त्यास पाठविण्यात आले. त्याच प्रकारच्या तळ्यांचे पाणी पिणारी अनेक कुटुंबे निरोगी राहिली, असे दाखवून त्यांनी कॉख यांचे मत अमान्य केले. १८८५ च्या रोम येथील आरोग्य परिषदेतही ब्रिटिश प्रतिनिधींनी हीच भूमिका घेतली. यात व्यापारी हित होते, हे उघड आहे. तथापि आक्षेप पोकळ नव्हता : जंतू पोटात जाऊनही सर्वजण आजारी का पडत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणापाशीही नव्हते.

हाच प्रश्न म्यूनिकचे माक्स फोन पेटनकोफर यांनी अधिक गंभीरपणे मांडला. जंतू आवश्यक असेल, पण स्थानिक जमीन, भूजलाची पातळी व ऋतू यांची साथ मिळाल्याशिवाय तो साथ उत्पन्न करू शकत नाही, असे त्यांचे मत होते. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जठरातील अम्लाचा परिणाम टाळण्यासाठी सोडा घेऊन पटकीच्या जंतूंचे संवर्धन प्राशन केले. त्यांना सौम्य अतिसार झाला. दहा दिवसांनी तोच प्रयोग करणारे त्यांचे शिष्य रूडोल्फ एमरिख अधिक आजारी पडले, परंतु दोघेही वाचले. पेटनकोफर यांनी यास आपल्या मताची सिद्धता मानले. आजच्या दृष्टीने पाहता दोघांनाही सौम्य पटकीच झाली होती. प्राण्यांविषयीची अडचण मात्र १९५९ पर्यंत टिकली. त्या वर्षी कलकत्त्यातील शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा बांधून घेतलेला भाग वापरून असे दाखविले की, जंतू रक्तात शिरत नाही. आतड्यातच राहून तो जे विष निर्माण करतो, त्यामुळे शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. [→ पटकी].

हँबर्ग, १८९२ : पेटनकोफर आपला प्रयोग करीत होते, त्याच सुमारास उत्तर जर्मनीत एका शहराने नकळत त्याहून मोठा प्रयोग केला होता. हँबर्ग हे स्वायत्त व्यापारी शहर एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळांतून पुरवीत असे. गाळणी बांधण्याचा प्रश्न खर्चामुळे अनेक वर्षे रेंगाळला होता. त्याला लागून असलेले अल्टोना हे प्रशियाच्या सत्तेखालील शहर नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबर्गचा मैला मिसळल्यानंतरचे, अधिक घाण पाणी घेई; पण ते १८५९ पासून वाळूच्या थरांतून गाळून घेई. ऑगस्ट १८९२ च्या मध्यास हँबर्गमध्ये पटकी सुरू झाली. व्यापार थांबेल या भीतीने अधिकाऱ्यांनी ती जाहीर करण्यास आठवडाभर विलंब लावला. सुमारे १७,००० लोक आजारी पडले व सुमारे ८,६०० मृत्यू पावले. अल्टोनामध्ये मृत्यू तुलनेने फारच थोडे झाले.

दोन्ही शहरांची हद्द काही ठिकाणी रस्त्याच्या मधून जात होती. हवा, जमीन, भूजल, लोकांची राहणी सर्व सारखे असताना रस्त्याच्या एका बाजूस साथ होती, दुसऱ्या बाजूस नव्हती. हँबर्गच्या हद्दीत असूनही अल्टोनाच्या नळाचे पाणी घेणारी एक मोठी चाळ रोगमुक्त राहिली, हे कॉख यांनी आवर्जून नोंदविले. पेटनकोफर यांच्या जमिनीच्या उपपत्तीला याहून नेमके उत्तर प्रयोगशाळेत देता आले नसते. पुढील हिवाळ्यात अल्टोनामध्येच लहानशी साथ आली. तिचा माग काढता असे आढळले की, कडक थंडीत साफ करताना एका गाळणीतील वाळू गोठून तिचा वरचा थर निकामी झाला होता. वाळूवर साचणारा बुळबुळीत सजीव थर हाच जंतू अडवितो, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली. गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंमी. मध्ये शंभराहून अधिक जंतू नसावेत, हे मान कॉख यांनी १८९३ मध्ये सुचविले व सूक्ष्मजंतूंची मोजणी पाणीपुरवठ्याच्या दैनंदिन कामाचा भाग बनली. हँबर्गमधील नवी गाळणी १८९३ मध्ये सुरू झाली.

या साथीचे आणखी एक फलित म्हणजे रोगवाहकांची ओळख. बरे झालेल्यांच्या व कधीच आजारी न पडलेल्यांच्या विष्ठेतही जंतू सापडू लागले. कसोट्यांच्या मूळ मांडणीत हे बसत नव्हते. पण ‘सर्वजण आजारी का पडत नाहीत’ या जुन्या आक्षेपाचे उत्तर याच दिशेने पुढे मिळत गेले. साथीच्या भीतीचा परिणाम दूरवरही झाला. पटकी अमेरिकेत येईल या धास्तीने न्यूयॉर्क शहराने १८९२ मध्ये हेर्मन बिग्ज यांच्या देखरेखीखाली आरोग्य खात्यात सूक्ष्मजंतुविज्ञान विभाग उघडला. पटकी तेथे पसरली नाही. विभाग मात्र राहिला आणि त्याने घटसर्पाच्या निदानाचे काम हाती घेतले.

प्लेग : १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगची साथ आली. जपानहून शिबासाबुरो किटासाटो १२ जून रोजी व फ्रेंच इंडोचायनातून अलेक्झांडर यर्सिन १५ जून रोजी तेथे पोहोचले. किटासाटो हे कॉख यांचे नामांकित शिष्य. त्यांना इंग्रज अधिकाऱ्यांनी रुग्णालयात सर्व सोयी दिल्या. पाश्चर संस्थेत शिकलेल्या यर्सिन यांना शवेही मिळेनात. त्यांनी गवताने शाकारलेल्या झोपडीत काम केले व प्रेते पुरण्याच्या कामावरील खलाशांना पैसे देऊन मृतांच्या जांघेतील गाठींतून नमुने मिळविले. गंमत अशी की, सोयींचा अभाव त्यांच्या पथ्यावर पडला असावा. प्लेगचा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा काहीशा कमी तापमानात चांगला वाढतो. किटासाटो यांच्या उबदार पेटीत इतर जंतू मिसळून वाढले व त्यांच्या वर्णनात विसंगती राहिल्या. दोघांनीही शोध जाहीर केला. जंतूच्या प्रजातीस १९४४ मध्ये यर्सिनिया हे नाव सुचविले गेले. शहरात मेलेल्या उंदरांतही हाच जंतू आहे, हे यर्सिन यांनी तेव्हाच नोंदविले होते. [→ प्लेग].

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या वेळी जंतू माहीत होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे माहीत नव्हते. या अर्धवट ज्ञानाचे परिणाम गंभीर झाले. १८९७ च्या साथरोग अधिनियमान्वये मिळालेल्या अधिकारांनी घरांची झडती घेणे, छपरे उघडणे, जमिनीवर व भिंतींवर कार्बॉलिक अम्ल शिंपडणे, सामान जाळणे व कुटुंबे वेगळ्या छावण्यांत हलविणे असे उपाय झाले. जंतू घरात कोठेतरी असणार, या समजुतीतून ते निघाले होते. त्यांनी उंदीर शेजारच्या घरांत पळाले व लोक प्रक्षुब्ध झाले. पुण्यात सैनिकांकडून घेतल्या गेलेल्या झडत्यांची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली.

पटकीवरील लशीसाठी १८९३ पासून हिंदुस्थानात काम करीत असलेले वॉल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस बोलाविण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहान खोलीत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवल्यास त्यांच्या खालच्या बाजूने जंतूंची झुंबरांसारखी वाढ होते, असे त्यांना आढळले. ती वाढ झटकून पुन्हा वाढू देत व शेवटी उष्णतेने जंतू मारून लस बनवीत. गाय व डुक्कर यांच्या मांसाविषयीचे आक्षेप लक्षात घेऊन पुढे बोकडाचे मांस वापरण्यात आले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात साथ आली असता स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस न घेतलेल्यांत बारा रोगी व सहा मृत्यू, तर घेतलेल्यांत दोन रोगी व एकही मृत्यू नाही, असा निष्कर्ष निघाला. कैद्याची स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस टोचली व उरलेल्यांशी तुलना केली. एकाच छपराखालील माणसांची अशी तुलना ही लशींच्या चाचण्यांच्या इतिहासात महत्त्वाची पायरी होय. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले एकोणीस जण पुढे धनुर्वाताने दगावले. बाटली परळलाच दूषित झाली, असा ठपका ठेवून हाफकिन यांना दूर करण्यात आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे आली. रॉनल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. मोठ्या प्रमाणावर लस बनविताना प्रत्येक घाण्याची तपासणी व प्रत्येक बाटलीची नोंद ठेवणे किती आवश्यक आहे, याचा धडा या दुर्घटनेने घालून दिला.

प्लेगच्या मार्गाचा उलगडा पॉल लूई सीमों या फ्रेंच वैद्यांनी १८९८ मध्ये कराचीत केला. रोगी उंदरावरील पिसवा निरोगी उंदरावर गेल्यास रोग जडतो, एरवी जडत नाही, हे त्यांनी दाखविले. परंतु त्या वेळच्या प्लेग आयोगाने ते मान्य केले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका संशोधन आयोगाने पुन्हा प्रयोग केले. प्लेगग्रस्त घरांत सोडलेल्या गिनीपिगांवर उंदरांच्या पिसवा जमत व ते मरत. पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग वाचत. तोपर्यंत साथ सुरू होऊन जवळजवळ दहा वर्षे लोटली होती आणि हिंदुस्थानात लक्षावधी माणसे मेली होती.

दिशाभूल : साथीत रोग्यांच्या शरीरात जे वारंवार सापडते तेच रोगाचे कारण, असे मानण्याचा मोह टाळणे कठीण असते. गुरांच्या बुळकांड्या या रोगाचा मुकाबला करण्याच्या हेतूने १८८९ मध्ये पुण्यात शाही सूक्ष्मजंतुवैज्ञानिक प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. ज्या रोगाने तिला जन्म दिला, त्याचे कारण सूक्ष्मजंतू नसून सूक्ष्मदर्शकातून न दिसणारा व्हायरस आहे, हे १९०२ मध्ये स्पष्ट झाले. पीतज्वराबाबतही १८९७ मध्ये जाहीर झालेला जंतू काही वर्षांत बाद ठरला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इन्फ्ल्यूएंझाचे आहे. १८८९ मध्ये सुरू झालेल्या साथीत रिखार्ट फायफर यांना रोग्यांच्या कफात एक बारीक दंडाकार जंतू आढळला व १८९२ मध्ये तोच रोगाचे कारण म्हणून जाहीर झाला. कॉख यांच्या संस्थेतून आलेल्या या मतावर पाव शतक कोणी फारशी शंका घेतली नाही. १९१८ च्या भीषण साथीत अनेक देशांतील प्रयोगशाळांनी त्याचा शोध घेतला. कित्येक रोग्यांत तो सापडेना आणि न सापडणे हा आपल्याच पद्धतीचा दोष, असे पुष्कळांनी प्रथम मानले. त्या जंतूपासून बनविलेल्या लशीही टोचण्यात आल्या. १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्रूझ व पॅट्रिक लेडलॉ यांनी सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळणीतून पार होणाऱ्या द्रवाने फेरेट (मुंगसासारखा लहान प्राणी) या प्राण्यात इन्फ्ल्यूएंझा उत्पन्न केला, तेव्हा व्हायरस हेच त्याचे कारण ठरले. फायफर यांचा जंतू निरुपद्रवी नाही. त्याचा एक प्रकार लहान मुलांत मस्तिष्कावरणाचा घातक दाह उत्पन्न करतो. त्याला दिलेले हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी हे नाव अद्याप कायम असून १९९५ मध्ये ज्याचा संपूर्ण जीनोम (आनुवंशिक द्रव्याचा समग्र संच) प्रथम वाचला गेला, तो स्वतंत्रपणे जगणारा जीव हाच होय.